पंचवीस पानांचं सोनं

माझा धंदा लोकांना अक्षरं वाचायला लावण्याचा. गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवायचं, त्याचा एक डोळा झाकायचा आणि भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट करून विचारायचं, "ही ओळ दिसते? आणि तिच्या खालची?" यवतमाळात दत्त चौकापासून हाकेच्या अंतरावर हे काम मी सव्वीस वर्षं करतो आहे आणि माझ्याआधी बाबा करत होते. अक्षर किती मोठं असावं, किती काळं असावं, त्याच्यामागे किती पांढरं असावं, यावर अधिकारवाणीनं बोलायचा हक्क आमच्या गल्लीत तरी फक्त मला आहे. अशा माणसाला स्वतःच्या दुकानावर सहा अक्षरं धड लावता आली नाहीत, त्याची ही हकीकत.

सुरुवात थेट दिल्लीहून झाली. २५ सप्टेंबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं दुकानदारांना सांगितलं की दोन महिन्यांत मराठी पाट्या लावा. कायदा तसा आधीचाच. २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरी पाटी सक्तीची झाली. वर मराठी अक्षर दुसऱ्या लिपीतल्या अक्षरापेक्षा लहान चालणार नाही, हेही आलं. माझ्याकडे कामगार दीड. एक मी, आणि अर्धा म्हणजे कॉलेज सुटल्यावर येऊन पंख्याखाली बसणारा भाचा. आमची जुनी पाटी पत्र्याची. तिच्यावर इंग्रजी नाव हातभर आणि मराठी नाव इतकं बारीक की तक्त्यातली सगळ्यात खालची ओळ वाचणाऱ्यालाच दिसावं. म्हणजे पाटी बदलणं आलं.

नाव काय ठेवायचं यावर घरात चार दिवस गेले. दृष्टी, नेत्र, नजर, नयन हे सगळं आधीच कुणाकुणाच्या पाटीवर जाऊन बसलेलं. शेवटी बाबा म्हणाले, "लोक काय म्हनतात? चष्म्याच्या दुकानातून येतो म्हनतात. मंग तेच लिव्ह." झालं. "चष्म्याचे दुकान". सहा अक्षरं. इतकं साधं नाव ठेवल्यावर माणसानं साध्या रंगात लिहून मोकळं व्हावं की नाही? पण मला पाटी सोन्याची हवी होती.

याला कारण मुंबई. खूप वर्षांपूर्वी फोर्टात एका जुन्या चष्मेवाल्याच्या काचेवर सोन्याची अक्षरं पाहिली होती. बाहेर पाऊस, आत दिवे, आणि ती अक्षरं नुसती तेवत होती. तेव्हापासून मनात होतं. शिवाय दुसरं एक कारण, जे मी कुणाला सांगितलं नव्हतं. मला पाचवीत नंबर लागला. तेव्हापासून दहावीपर्यंत माझं खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं. वर्ग मला वेगळ्याच नावानं हाक मारायचा. ते कोणतं, हे चष्मा लावणाऱ्या वाचकाला सांगायला नको. त्या पोट्ट्यांपैकी बरेच अजून यवतमाळातच आहेत, दिवसातून दोनदा दुकानासमोरून जातात. त्यांना मान वर करून बघायला लावील अशी पाटी हवी होती.

पहिली पायरी फ्लेक्सवाला. तिथल्या मुलानं विचारलं, "काका, गोल्डन पाह्यजे ना? कोनतं गोल्डन?" आणि कॉम्प्युटरवर सोन्याचे अठरा प्रकार उलगडले. पडद्यावर सगळे झगमगत होते. छापून आलेला नमुना मात्र थेट वरणाच्या रंगाचा. तो म्हणाला, मशीनमध्ये सोनेरी शाईच नसते. निळी, गुलाबी, पिवळी आणि काळी या चार शाया, त्यातून पिवळ्याकडून तपकिरीकडे उतार दाखवायचा आणि बाकीचं पाहणाऱ्याच्या डोळ्यावर सोडायचं. डोळ्याला फसवण्याची ही युक्ती मला धंद्याच्या दृष्टीनं आवडली. पण वरणाची पाटी नको होती.

मग स्टीलची अक्षरं. दिसायला अस्सल सोनं, आतून एलईडी, भाव विचारल्यावर माझ्याच डोळ्यांपुढे एलईडी. याला धंद्यात "टायटॅनियम" म्हणतात. हवा काढलेल्या पेटीत टायटॅनियमची वाफ करतात, त्यात नायट्रोजन सोडतात, आणि स्टीलवर टायटॅनियम नायट्राइडचा सोनेरी थर बसतो. ड्रिलच्या बिटांवर असतो तोच. सोनं त्यात औषधालाही नाही. म्हणजे भिंतीला भोक पाडायच्या वस्तूसारखी माझी पाटी दिसणार. नको.

आरशासारखं सोनेरी अॅक्रिलिक स्वस्तात होतं. पण यवतमाळचा मे महिना पंचेचाळीसला टेकतो. मागच्या उन्हाळ्यात पलीकडच्या गल्लीतल्या सलूनच्या पाटीची चिकटपट्टी सुटून मधलं "लू" खाली आलं होतं आणि न्हाव्याच्या दुकानाला पावसाळाभर "सन" म्हणत होते. तेव्हा मी फार हसलो होतो. पुढं काय वाढून ठेवलंय हे माहीत असतं तर इतका हसलो नसतो. पितळेची ओतीव अक्षरं सुंदर होती, पण बायकोनं आधीच सांगून टाकलं, "देवाची भांडी घासते तेवढं पुरे. चिंच घेऊन मी शिडीवर चढनार नाही."

एवढं फिरून झाल्यावर मी पेंटरकाकांकडे गेलो. आमची पहिली पाटी त्यांनीच रंगवली होती, बाबांनी दुकान टाकलं तेव्हा, १९७४ साली. फ्लेक्स आल्यापासून त्यांच्या हाताला काम नाही. खरं तर शहरातले बाकीचे सगळे पेंटर त्या दिवसांत दुर्गोत्सवाच्या देखाव्यांत अडकलेले. यवतमाळचा दुर्गोत्सव म्हणजे काय हे ज्याने पाहिलंय त्याला सांगायला नको, आणि ज्याने पाहिलं नाही त्याने त्या नऊ रात्रींत मेन रोडवर स्कूटर काढून बघावी. काका अंगणात खाटेवर बसले होते. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "काळ्यावर पिवळा ऑइल पेंट. खालून तपकिरी शेड. पन्नास वर्सं झाले, सोनं म्हनून हेच लिवून राह्यलो. दुरून दिसते, उन्हात दिसते, पावसात दिसते."

"पण काका, सोनेरी रंगाचा डबा मिळतो ना?"

"थे सोनं नोहे, पितळेची पूड हाय. दोन पावसाळ्यात विटते. जुन्या पाट्या पाहा, सोनेरी अक्षरं चॉकलेटी झाले."

"मग खरं सोनं लावतात ते? वर्ख?"

काका बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. "भाऊ," ते म्हणाले, "सोन्याचं पान पाह्यजे का तुम्हाले? दसरा येऊन राह्यला. आपटा देतो." मग गंभीर होऊन त्यांनी विचारलं, "पाटी दाखवाची हाय का वाचवाची?"

हा प्रश्न माझ्या धंद्यातला होता. तक्त्यासमोर मी तो दिवसातून वीसदा वेगळ्या शब्दांत विचारतो. त्या दिवशी मात्र मी त्याला अडाणीपणा समजलो.

सोनाराकडे गेलो. सोनारानंच कान टोचावे लागतात म्हणतात, आणि त्यानं ते मन लावून केलं. तो म्हणाला, आम्ही पत्रा ठोकतो, तार काढतो. पान ठोकणारे वेगळे. मग मी त्याला माझी कागदावरची आकडेमोड दाखवली, जी करताना मला रात्रभर झोप आली नव्हती. सोन्याच्या पानाची जाडी साधारण एक दशांश मायक्रॉन. माणसाच्या एका केसाच्या जाडीत अशी सातशे पानं बसतील. एक ग्रॅम सोनं ठोकून इतकं पातळ केलं तर साडेपाच चौरस फूट झाकतं. पानं पंचवीसच्या वहीत मिळतात, एक पान आठ सेंटिमीटर चौरस. सोनारानं गणित तपासलं, आपल्या मापात उतरवलं आणि म्हणाला, "म्हंजे अख्ख्या वहीत अडीच गुंजा सोनं. याच्यात बाळाची बाळी होत नाही भाऊ."

"पण पाटी होते!" मी म्हणालो. मला वाटलं, मी जिंकलो.

घरी हा आकडा सांगायला नको होता. तोळा साठ हजारांच्या घरात होता आणि आमच्या लग्नाला त्याच वर्षी पंचवीस वर्षं पुरी झाली होती. बायको शांतपणे म्हणाली, "पंचवीस वर्सं झाले, अन् पंचवीस पानं. पाटीच्या नशिबात होतं म्हना." त्यानंतर दोन दिवस घरात भाजीला मीठ नेमकं होतं, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

वही मुंबईहून मागवली. शकुंतला ही आमची रमतगमत चालणारी आगगाडी बंद पडली तरी तिचा वेग कुरिअरवाल्यांनी जिवापाड जपला आहे. पार्सल नवव्या दिवशी आलं. उघडलं आणि मी खरोखर वेडा झालो. तांबूस कागदांच्या मधे एकेक पान. श्वास सोडला की थरथरायचं. एक कागदाबाहेर अर्धं काढून उजेडापुढे धरलं, तर आरपार दिसत होतं आणि पलीकडचं जग हिरवट निळं. सोनं पिवळा-तांबडा उजेड परत पाठवतं, उरलेला थोडा आतून सोडतं. अंतराळवीरांच्या शिरस्त्राणाच्या काचेवरही असाच सोन्याचा पातळ थर असतो, उन्हाची धग अडवायला. मी भाच्याला म्हणालो, "बघ, हा जगातला सगळ्यात महाग गॉगल." तो म्हणाला, "मामा, पान फाटलं." एक गेलं. चोवीस.

मनात होतं फोर्टासारखं काचेवर लिहायचं. तिथे सोनं काचेच्या मागून लावतात, अक्षर उलटं. चिकटवायला गोंद नाही. कोमट पाण्यात जिलेटिन विरघळवून ते काचेवर फिरवतात आणि ओल्यावर पान सोडतात. मेडिकलमधून रिकाम्या कॅप्सूल आणल्या. बाबा ओट्यावर बसून बघत होते. एक्क्याऐंशी वर्षं वय, गळ्यात तुळशीची माळ, पंढरीच्या सोळा वाऱ्या.

"हे कायचं असते?"

मी खोटं बोलायला हवं होतं. "जनावराच्या कातड्याचं नि हाडांचं," मी सांगितलं.

"अन् तो ब्रश?"

"खारीच्या केसांचा."

बाबांनी दोन्ही वस्तूंकडे आळीपाळीनं पाहिलं. "रामाच्या सेतूले वाळू वाहली थे खार?" त्यांनी विचारलं. ते पुढे काही बोलले नाहीत, पण संध्याकाळचं जेवण घेतलं नाही. काच रद्द. ब्रश मी गुपचूप ठेवून घेतला. खारीनं माफ करावं.

उरली लाकडी पाटी. आठ बाय दोन फुटांचा प्लायवूड, त्यावर काळा चकचकीत इनॅमल. पेंटरकाकांनी खडूच्या दोरीनं रेघा पाडून अक्षरं आखून दिली, आठ इंच उंच. सहा मीटरवरून सामान्य डोळ्याला पावणेनऊ मिलिमीटरचं अक्षर वाचता येतं, हे आमच्या तक्त्याचं सूत्र. त्या हिशोबानं आठ इंची अक्षर एकशे चाळीस मीटरवरून वाचता यायला हवं. म्हणजे दत्त चौकात उभा राहून माणूस माझं दुकान ओळखणार. सगळ्या अक्षरांचं क्षेत्रफळ मी मोजलं: दोनशे चाळीस चौरस इंच. पंचवीस पानांचं होतं दोनशे अठ्ठेचाळीस. आठ उरत होते. यात "ष्म्या"नं एकट्यानं तिसरा हिस्सा घेतला होता. पेंटरकाका म्हणाले, "जोडाक्षर महाग पडते भाऊ. 'ऐनक' लिवा ना, सोनं वाचते." मी मराठीच्या अभिमानानं नकार दिला.

फाटलेलं पान सोडलं तरी आणखी दोन गोष्टी मी गणितात धरल्या नव्हत्या. एक, पान पानावर थोडं चढवावं लागतं. दुसरी जरा लाजिरवाणी आहे. मी शिरोरेषा मोजली नव्हती. बारा वर्षं मराठी माध्यमात शिकलेल्या माणसानं देवनागरीचं क्षेत्रफळ काढलं आणि डोक्यावरची रेघ विसरला.

पान चिकटायला अक्षरांवर आधी एक तेलकट थर द्यावा लागतो. तो दोन तऱ्हेचा मिळतो. एक तीन तासांत चिकटसर होतो, दुसरा बारा तासांत. संथ थरावर चमक जास्त येते असं कळल्यावर माझ्यासारखा माणूस कोणता घेणार? घटस्थापनेनंतरच्या सोमवारी संध्याकाळी काकांनी थरथरत्या हातानं, पण एकही रेघ न चुकवता अक्षरं भरली. मी पाटी मागच्या अंगणात दोन स्टुलांवर आडवी ठेवली आणि सकाळपर्यंत झोपलो.

आमच्या मागच्या भिंतीपलीकडे गादी कारखाना आहे. कारखाना म्हणजे एक पत्र्याची शेड आणि कापूस पिंजायचं एक मशीन. दिवाळीच्या तोंडावर अख्खा गाव गाद्या पिंजायला टाकतो, त्यामुळे त्या दिवसांत मशीन पहाटे पाचला सुरू होतं. सव्वीस वर्षं मी तो आवाज ऐकत आलो आहे, तरी मला त्या रात्री आठवला नाही. सकाळी अंगणात गेलो तर पाटीवर "चष्म्याचे दुकान" ठसठशीत उठून दिसत होतं. पांढऱ्या कापसात. प्रत्येक अक्षर केसाळ. शिरोरेषेवर तर बोटभर लव.

यवतमाळला पांढऱ्या सोन्याचा जिल्हा म्हणतात. शाळेत भूगोलाच्या पेपरात मी ते तीनदा लिहिलं असेल. ते असं अंगणात येऊन बसेल असं वाटलं नव्हतं. बायको चहा घेऊन आली, पाहिलं, आणि त्या आकड्यानंतर पहिल्यांदा हसली. "अहो, छान हाय की! सीतादही घालायचं का?" शेतात कापसाची पहिली वेचणी करताना सीतादही घालतात, आणि ही बाई तोच विधी माझ्या पाटीला करायला निघाली होती. पेंटरकाका आले, टर्पेंटाइननं सगळं पुसलं आणि इतकंच म्हणाले, "पिवळ्या पेंटले कापूस चिकटत नाही असं नाही. पन तो दोन घंट्यात वाळते."

दुसऱ्यांदा पाटी दुकानात, शटर पाडून. आता सोनं लावायचं. हे काम बंद हवेत करायचं असतं. पान हातानं उचलायचं नसतं, बोटाला लागलं की ते बोटाचंच होतं. तो खारीचा ब्रश आधी गालावरून फिरवायचा. गालाचा तेलकटपणा त्याला लागतो आणि तेवढ्या आधारावर पान उचललं जातं. ऑक्टोबरच्या उकाड्यात बंद शटरमागे माझ्या गालावर तेल नव्हे, नदी वाहत होती. पहिलं पान ब्रशवर चिकटलं ते सुटेचना. दुसरं सुटलं ते "च"च्या पोटाऐवजी माझ्या मनगटावर. तिसऱ्यानंतर हात बसला. खरंच बसला. "च" पूर्ण झाला तेव्हा मी आणि भाचा दोघंही गप्प झालो. ते अक्षर अंधारातही उजेड धरून होतं. "ष्म्या" मी दोन तास लावला. त्यातल्या अर्ध्या "ष"ची तिरपी दांडी भरताना मी जितका सुखी होतो तितका पंचवीस वर्षांत नव्हतो. हे वाक्य घरी वाचलं जाऊ नये.

तेवढ्यात मागच्या दारानं बायको आली. घामानं निथळणारा नवरा पाहून तिला दया आली, आणि उरलासुरला राग विसरून तिनं प्रेमानं पंख्याचं बटण दाबलं.

वही उघडी होती. चार पानं एका झटक्यात उठली आणि दुकानभर फिरली. एक भाच्याच्या भुवईवर बसलं. एक डोळे तपासायच्या तक्त्यावर, खालून तिसऱ्या ओळीत. ते आजही तिथं आहे, आणि गिऱ्हाईक त्या जागी आलं की हमखास अडखळतं. एक कधीच सापडलं नाही. चौथं माझ्या नाकावर. आरशात पाहिलं तर शेंड्यापासून चष्म्याच्या दांडीपर्यंत नाक चोवीस कॅरेटचं. मी ते ब्रशनं काढून पाटीवर लावायचा प्रयत्न केला. बायको म्हणाली, "राहू द्या. तेवढंच घरात सोनं आलं."

हिशोब केला. "च"ला चार पानं, "ष्म्या"ला अकरा, दोघांच्या डोक्यावरच्या शिरोरेषेला तीन. अठरा. उजेडात फाटलेलं एक, ब्रशवर आणि मनगटावर गेलेली दोन, पंख्यानं नेलेली चार. पंचवीस. समोर "चे दुकान" चिकट डोळ्यांनी माझ्याकडे पाहत होतं, आणि परवा दसरा.

पेंटरकाकांनी मार्ग काढला. मूर्ती सजवणाऱ्याकडे नकली वर्ख मिळतो. तांबं आणि जस्ताचं पान, म्हणजे पितळच, जाड आणि स्वस्त, शंभर पानांची गड्डी. लावायला सोपा, हातानंसुद्धा उचलता येतो. भाच्यानं पाऊण तासात "चे दुकान" भरून टाकलं, गाणी ऐकत. आणि सांगायला संकोच वाटतो, पण दोघांत काडीचा फरक दिसत नव्हता. उलट नकली बाजू थोडी जास्तच झळकत होती.

काका म्हणाले, "याच्यावर आता व्हार्निश मारा लागते."

इथे मी वाचलेलं ज्ञान आडवं आलं. खऱ्या सोन्यावर बाहेर व्हार्निश मारायचं नसतं. सोनं विटत नाही, हवेनं नाही, पावसानं नाही; व्हार्निश मात्र पिवळं पडतं, सोलतं आणि सोन्याची झळाळी मारतं. हे सगळं खरं आहे. "सोन्यावर व्हार्निश?" मी काकांना म्हणालो. "सोन्याला मुलामा देता का कुणी?" ते म्हणाले, "सोन्यावर नाही म्हनून राह्यलो भाऊ. अर्ध्यावर." मी म्हणालो, अर्ध्यावर मारलं तर चमक वेगळी दिसेल, डाव्या-उजव्याचा नंबर वेगळा असल्यासारखी. काकांनी ब्रश धुतला.

२४ ऑक्टोबरला, दसऱ्याला, पाटी चढली. बाबांनी नारळ फोडला. मी प्रथेप्रमाणे बायकोला आपट्याचं पान दिलं आणि म्हणालो, "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा." तिनं पान घेतलं, पाटीकडे पाहिलं, पुन्हा पानाकडे पाहिलं. मी घाईघाईनं पेढे वाटायला गेलो.

आमच्या दुकानाचं तोंड पश्चिमेला आहे. हे मला जन्मापासून माहीत होतं. दुपारी तीननंतर ऊन पाटीवर आलं आणि अक्षरं पेटली. समोरच्या फुटपाथवरून बघितलं तर काळ्या पाटीवर पांढराशुभ्र लोळ, डोळे मिटून घ्यावे असा. दोन पावलं डावीकडे सरकलं की तीच अक्षरं एकदम काळी, कारण गुळगुळीत सोनं हा आरसाच. समोर जे असेल ते दाखवतो, आणि समोर एक जुनी काळवंडलेली इमारत आहे. दोन पावलं उजवीकडे सरकलं की अक्षरांत लाल एसटी. एकशे चाळीस मीटरचं माझं गणित वीस फुटांवर बाद झालं. ज्या माणसानं आयुष्यभर लोकांना काळ्यापांढऱ्यातला फरक विकला, त्यानं अशी पाटी लावली की ती वाचायला माणसानं ढगाची वाट पाहावी.

पण धंदा वाढला. तिसऱ्या दिवशी कळंबकडचे एक आजोबा आत आले आणि डोळे चोळत म्हणाले, "साहेब, नंबर वाढला वाटते. तुमची पाटीच वाचता येऊन नाही राह्यली." त्यांना बसवलं, तपासलं. दूरचं स्वच्छ. आठवडाभरात असे सात जण. नंबर नसलेल्याला मी चष्मा विकला नाही, हे बाबांच्या माळेची शपथ घेऊन सांगतो. पण तपासून झाल्यावर "दोष डोळ्यात नाही, पाटीत आहे" असं प्रत्येकाला तोंडानं सांगावं लागायचं, आणि भाचा मागे उभा राहून ते मोजायचा.

हिवाळा गेला, उन्हाळा गेला. जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि "चे दुकान"ला पहिल्यांदा तांबूस डाग पडले. पितळ, वर काही नाही, आणि यवतमाळचा पाऊस. जुलैत डाग तपकिरी झाले. पोळ्याच्या सुमारास ते काळपट झाले, आणि पाटी आधीच काळी. पहिली दोन अक्षरं मात्र दसऱ्याच्या दिवसासारखी झळझळीत. सोनं विटत नाही, याबाबत माझं वाचन अगदी बिनचूक होतं.

मला हे दिसलं नाही. रोज मी पाटीखालून आत जातो, वर कोण बघतं? बघितलं ते गणपतीच्या वर्गणीला आलेल्या माझ्याच वर्गातल्या एकानं. रस्त्याच्या पलीकडे तो स्कूटर थांबवून उभा होता. टक लावून वर बघत होता. ढगाळ दिवस होता, म्हणजे वाचता येत होतं. मग त्यानं गाडीवरूनच, अख्ख्या मेन रोडला ऐकू जाईल अशा आवाजात, चाळीस वर्षांपूर्वीच्या त्याच चालीवर हाक मारली. मी धावत बाहेर आलो, मान वर केली. काळ्या पाटीवर, वीतभर सोन्याच्या अक्षरांत, शिरोरेषेसकट:

चष्म्या.

पेंटरकाका दुसऱ्या दिवशी आले. खाली उभं राहून त्यांनी पाटी नीट वाचली. हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. "बाकीचं पिवळ्यानं भरून देतो," ते म्हणाले. "पितरं झाले की." पितृपक्षात नवं काम धरत नाहीत. म्हणजे अजून महिनाभर.

त्याच आठवड्यात कुरिअरवाला नवा पोरगा पार्सल घेऊन आला. त्यानं बाहेर पाटी पाहिली, हातातला कागद पाहिला, पुन्हा पाटी पाहिली आणि दारातून विचारलं, "चष्म्या शेठ कोन हाय जी?"

मी तोंड उघडण्याआधी बायको काउंटरमागून म्हणाली, "हेच."